जहाजाच्या बुडातले भोक

वाचकहो, तुमच्या गावात एखाद्या विहिरीवर किंवा नदीकाठी इंजिनाचा पंप चालत असेल, तर एकदा त्याच्याशेजारी पाच मिनिटे नुसते बसून पाहा. इंजिनाचा दांडा, ज्याला आपण सर्रास शाफ्ट म्हणतो, तो पंपाच्या पोटात शिरतो. पंपाच्या पोटात पाणी आहे, बाहेर हवा आहे, आणि दांडा तर गरगर फिरतो आहे. मग दांडा आणि त्याचे भोक ह्यांच्यामधल्या फटीतून पाणी का उडत नाही? नीट पाहिलेत तर तिथे दोन नटांनी आवळलेली एक लहानशी चकती दिसेल आणि तिच्याखालून थेंब, थेंब पाणी टपकत असेल. त्या जागेला आपला फिटर ‘ग्लँड’ म्हणतो. नवशिक्या माणसाला तो थेंब पाहवत नाही. तो पाना घेतो आणि नट आवळत सुटतो. थेंब थांबतो, माणूस खूश होतो, आणि तासाभराने तिथून जळका वास येऊ लागतो.

ह्याच जागेची, ह्याच थेंबाची गोष्ट मी आज सांगणार आहे. फक्त ती विहिरीवरची नाही, समुद्रावरची आहे. विहिरीवरचा पंप गळला तर फार तर पिकाची एक पाळी चुकते. समुद्रावर ती जागा बिघडली की माणसे बुडतात. इतिहासाच्या पुस्तकांत जहाजांच्या लढाया असतात, प्रवास असतात, राजेरजवाडे असतात. जहाजाच्या बुडातल्या ह्या भोकाला मात्र कुणी ओळभरही जागा देत नाही. म्हणून म्हटले, एकदा त्याचीच हकीगत सांगावी.

आधी हे पाहा की हजारो वर्षे असे भोक नव्हतेच. आपली गलबते, मचवे, अरबांची बगले, युरोपातली मोठी लढाऊ जहाजे, ह्या साऱ्यांचे बळ वर होते, शिडात. पाण्याखाली होत्या त्या फक्त फळ्या. त्या फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकायचा, वर राळ आणि तेल द्यायचे, पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून पुन्हा तेच करायचे. पाणी थोडे यायचेच, पण ते गप्प बसलेल्या लाकडाच्या फटीतून. फट हलत नसेल तर ती बुजवता येते. अवघड आहे ते हलत्या वस्तूभोवतीची फट बुजवणे.

वाफेचे इंजिन जहाजावर चढले तेव्हाही हा प्रश्न लगेच आला नाही. पहिल्या आगबोटींना दोन्ही कुशींना मोठमोठी चाके असत, आपल्या रहाटासारखी. त्या चाकांचा दांडा जहाजातून आडवा जाई, पण पाण्याच्या पातळीच्या वरून जाई. भोक होते, पण ते कोरड्यात होते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी 1829 साली बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट अशीच चाकांची होती. 1830 साली ती मुंबईहून सुएझपर्यंत गेली, आणि विलायतेच्या टपालाचा नवा रस्ता तिने दाखवून दिला. तिच्या अडचणी कोळशाच्या होत्या. इतका कोळसा भरावा लागे की उतारूंना जागा उरत नसे. बुडातून पाणी येण्याची भीती तिला इतर गलबतांहून अधिक नव्हती.

चाकांची खोड वेगळीच होती. समुद्र खवळला आणि जहाज एका कुशीवर कलले की एक चाक पाण्यात खोल बुडे आणि दुसरे हवेत भणभणे. लढाईत तर एक गोळा चाकावर बसला की जहाज लंगडे. म्हणून कित्येकांच्या मनात आले की हे चाक काढून मागे, पाण्याखाली, स्क्रूच्या आट्यांसारखा फिरणारा पंखा बसवावा. ऑस्ट्रियाच्या राज्यात जोसेफ रेसेल ह्या वनाधिकाऱ्याने 1827 साली त्याचे पेटंट घेतले आणि 1829 साली त्रिएस्त बंदरात प्रयोगही केला. 1836 साली इंग्लंडात दोघांनी काही आठवड्यांच्या अंतराने पेटंटे घेतली. त्यांतला एक स्वीडनहून आलेला इंजिनियर जॉन एरिक्सन. दुसरा फ्रान्सिस पेटिट स्मिथ. आणि हा स्मिथ, शेतकरी वाचकहो, तुमच्याच जातकुळीचा! लंडनजवळच्या हेंडन गावी तो गुरेमेंढरे पाळून शेती करी. किल्लीच्या स्प्रिंगवर चालणारी खेळण्याएवढी बोट त्याने केली आणि तिथल्याच एका तळ्यात सोडून पाहिली.

स्मिथच्या नशिबाचा एक किस्सा मोठा गमतीचा आहे. 1837 साली त्याने लंडनच्या कालव्यात खरी बोट चालवून पाहिली. तिचा स्क्रू लाकडी होता, लांबलचक, दोन आट्यांचा. चालता चालता तो कशावर तरी आपटला आणि त्याचा अर्धा तुकडा मोडून पडला. आता बोट रखडणार, असे सर्वांना वाटले. ती जास्तच वेगाने पळू लागली! त्या मोडक्या तुकड्याने शिकवले की पंखा आखूडच हवा. पुढे 1838 साली पाण्यात उतरलेल्या ‘आर्किमिडीज’ जहाजाने स्मिथचे म्हणणे जगापुढे मांडले. प्रख्यात इंजिनियर ब्रुनेल ह्याने ते जहाज वापरून पाहिले आणि आपल्या ‘ग्रेट ब्रिटन’ ह्या प्रचंड लोखंडी जहाजाची चाके रद्द करून पंखा बसवला. ते जहाज 1843 साली पाण्यात उतरले. 1845 च्या एप्रिलात इंग्लंडच्या आरमाराने दोन सारख्या ताकदीची जहाजे शेपटीला शेपूट बांधून रस्सीखेच लावली. ‘रॅटलर’ला पंखा होता, ‘अलेक्टो’ला चाके. दोघांनी इंजिने पूर्ण जोराने चालवली, आणि रॅटलरने अलेक्टोला ताशी अडीच सागरी मैलांहून अधिक वेगाने उलटे ओढत नेले.

शाळेच्या पुस्तकात ही हकीगत इथे संपते. पंखा जिंकला, चाक हरले. पण पंखा जिंकला म्हणजे काय झाले? इंजिन जहाजाच्या आत, पंखा बाहेर पाण्याखाली. दोघांना जोडणारा दांडा जहाजाच्या मागच्या टोकातून, पाण्याच्या पातळीखालून बाहेर काढावा लागला. म्हणजे ज्या बुडाला खिळ्याएवढे भोक पडले तरी खलाशांची झोप उडायची, त्याच बुडाला माणसांनी आपल्या हाताने भोक पाडले, आणि त्यात फिरता दांडा घातला.

हे भोक केवढे घातक, त्याचा साधा हिशेब करून पाहू. शिक्षकांनी वाटल्यास मुलांकडून करून घ्यावा. पाण्याच्या पातळीखाली दोन फुटांवर एक इंच व्यासाचे उघडे भोक असेल, तर त्यातून मिनिटाला सुमारे साठ लिटर पाणी आत येते. पंधरा लिटरची घागर धरली तर मिनिटाला चार घागरी. एक माणूस डब्याने उपसत बसला तर किती वेळ पुरा पडेल, तुम्हीच सांगा. आणि मोठ्या जहाजांचे दांडे इंचाचे नव्हते, फूट फूट जाडीचे होते.

मग त्या फटीला बांध घालायचा कशाने? नशिबाने ती युक्ती जमिनीवर आधीच तयार होती. इंग्लंडात सॅम्युएल मॉरलंड ह्याने 1675 साली पंपाचे पेटंट घेतले. त्याच्या पंपाचा दट्ट्या एका पेटीतून जाई आणि त्या पेटीत कोंबलेले वेष्टण पाणी अडवी. शंभरएक वर्षांनी जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनाच्या नळकांड्याला वरून झाकण घातले, आणि झाकणातून वरखाली होणाऱ्या दांड्याभोवती तशीच पेटी बसवली. पेटी कसली, तर दांड्याहून रुंद अशी एक वाटी. दांड्याभोवती अंबाडीसारख्या धाग्याची, चरबीत भिजवलेली दोरी कडी कडी करून बसवायची, वरून चकती ठेवायची आणि चकती नटांनी आवळायची. चकती दोरीला दाबते, दोरी आडवी फुगते आणि दांड्याला बिलगते. इंग्रजांनी तिला ‘कोंबायची पेटी’ अशाच अर्थाचे नाव दिले. तुमच्या पंपावर जी आहे ती हीच. तिची तत्त्वे अडीचशे वर्षांत काडीइतकी बदललेली नाहीत.

पण ह्या पेटीत एक भांडण आहे, आणि ते मिटणारे नाही. दोरी सैल ठेवली तर पाणी येते. घट्ट आवळली तर दांडा अडतो, घासतो, तापतो. जोसेफ ब्रामा नावाचा एक कुशल कारागीर होता, तोही शेतकऱ्याचाच मुलगा. 1795 साली त्याने पाण्याच्या दाबावर चालणारा प्रेस काढला. दाब इतका जबर की पाणी दट्ट्याच्या कडेने उसळून बाहेर येई. पेटी आवळावी, तर दाब काढल्यावर दट्ट्या जागीच रुतून बसे, परत येतच नसे. ह्या पेचातून वाट काढली ती, नास्मिथ ह्या इंजिनियरने आठवणींत लिहून ठेवल्याप्रमाणे, ब्रामाच्या हाताखालच्या हेन्री मॉडस्ले ह्या तरुणाने. त्याने चामड्याची पन्हळीच्या आकाराची कडी बसवली. पाण्याचा दाब वाढला की तोच दाब त्या पन्हळीचे ओठ पसरून दट्ट्याला चिकटवतो. दाब गेला की ओठ सैल होतात. म्हणजे चोरालाच पहारेकरी केले! सायकलच्या पंपात जो चामड्याचा वॉशर असतो, तो उलटवून पाहा. वारा भरताना तो फुगतो आणि मागे ओढताना सैल पडतो. त्याचा धर्म तोच. आणि योगायोग असा की वर सांगितलेल्या रॅटलरचे इंजिन ह्याच मॉडस्लेच्या मुलांच्या कारखान्यात झाले होते.

तर पंख्याच्या जहाजांना कोंबायची पेटी मिळाली. तरीही ती गळतच राहिली, आणि पुढे जे झाले ते मला ह्या साऱ्या हकीगतीत सर्वांत महत्त्वाचे वाटते.

1854 साली राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते ‘रॉयल अल्बर्ट’ हे मोठे लढाऊ जहाज पाण्यात उतरले. अंग लाकडाचे, शंभरावर तोफा, वर शिडे आणि पोटात वाफेचे इंजिन. क्रिमियाच्या युद्धात ते इंग्रजी आरमाराचे मुख्य जहाज होते. 1855 सालच्या डिसेंबरात क्रिमियाहून परतत असता इंजिनियरांच्या ध्यानात आले की मागून, दांड्याच्या जागेतून, पाणी जोराने आत येते आहे. शत्रू नाही, तोफ नाही, वादळ नाही. आणि शेकडो माणसांचे जहाज पायाखालून भरते आहे. कप्तान विल्यम मेंड्स ह्याने वेळ न दवडता ग्रीसजवळच्या केआ बेटाच्या बंदरात जहाज मुद्दाम उथळात चढवले. मग खलाशांनी जहाजाच्या पोटातच, त्या दांड्याच्या जागेभोवती, एक बांध घातला. शेतात पाटाचे पाणी फुटले की आपण मातीचा बांध घालतो ना, अगदी तसाच, पण लाकडाचा. पाणी त्या बांधापलीकडे कोंडले, उरलेले उपसले, आणि मग जहाज तसेच माल्टाच्या गोदीपर्यंत गेले.

आता प्रश्न हा की एवढ्या नव्या जहाजाची पेटी गळली का? दोरी वाईट होती? नट सैल होते? नाही. दुखणे पेटीत नव्हतेच. पंखा हा कित्येक टन वजनाचा. तो दांड्याच्या बाहेरच्या टोकाला लटकतो. त्याचा भार पेलायला जहाजाच्या बुडातल्या नळीत एक बेअरिंग असते. त्या काळी हे बेअरिंग पितळेचे असे. समुद्राचे खारे पाणी, त्यातली वाळू आणि वर हा भार. धातूवर धातू घासून पितळ आठवड्या-महिन्यांत झिजून जाई. बेअरिंग झिजले की दांडा खाली बसतो आणि फिरताना डुलू लागतो. डुलणाऱ्या दांड्याला दोरी कशी धरून ठेवणार? वरून दाबली तर खाली फट, खालून दाबली तर वर. पाणी पेटीतून येताना दिसे, म्हणून लोक पेटी आवळत. रोग मात्र चार हात पलीकडे, डोळ्यांआड होता. नव्या पंख्याच्या आरमाराचे सारे भवितव्य त्या झिजलेल्या पितळेपाशी येऊन अडले होते.

उपाय सापडला तो लाकडात! लंडनजवळ ग्रिनिच येथे जॉन पेन ह्याचा इंजिनांचा कारखाना होता. त्याने निरनिराळे धातू आणि लाकडे पाण्यात दाबाखाली घासून पाहिली. ह्या खटाटोपात आपला मेंढपाळ स्मिथही त्याच्या सोबत होता. सर्वांवर मात केली ती वेस्ट इंडीज बेटांकडे होणाऱ्या ‘लिग्नम व्हायटी’ ह्या लाकडाने. नावाचा अर्थ ‘जीवनाचे लाकूड’. त्याची राळ पूर्वी औषधात वापरीत. हे लाकूड इतके भारी की पाण्यात दगडासारखे बुडते, आणि त्याच्या अंगातच इतकी तेलकट राळ असते की वंगणाची गरज पडत नाही. पेनने ह्या लाकडाच्या पट्ट्या पितळी नळीत उभ्या बसवल्या, पट्ट्यांमध्ये बारीक पन्हळी ठेवल्या, आणि समुद्राचेच पाणी त्या पन्हळींतून खेळू दिले. पाणी गारवा देई, राळ वंगण देई. 1854 साली त्याने पेटंट घेतले. जे पितळेला महिनाभर साधत नव्हते ते ह्या लाकडाने वर्षानुवर्षे साधले. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे जगातली पंख्याची जहाजे ह्या लाकडावर चालली. ज्या पाण्याला बाहेर ठेवण्यासाठी सगळी धडपड, तेच पाणी आत बोलावून कामाला लावले, ही पेनची अक्कल.

मुंबईच्या गोदीत 1848 साली उतरलेले ‘मीअनी’ नावाचे सागवानी जहाज मूळचे शिडांचेच होते. 1857 साली विलायतेत त्याला पंखा बसवला. मला नेहमी वाटते, वाडियांच्या सुतारांनी ज्या सागवानी बुडाचा एकेक सांधा जिवापाड जपून बुजवला, त्याच बुडाला भोक पाडताना ते तिथे असते तर त्यांना काय वाटले असते? असो.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळापासून कोकणच्या मच्छीमार होड्यांवर डिझेलची इंजिने चढू लागली. शीड आणि वल्ही ह्यांवर वाढलेल्या पिढीच्या हातात एकदम शाफ्ट, पंखा आणि ग्लँड आली. रॉयल अल्बर्टवर जे शंभर वर्षांपूर्वी शिकले गेले ते रत्नागिरी, हर्णै, वसईच्या तांडेलांनी आपापल्या होडीत नव्याने शिकून घेतले. बहुतेकांना शिकवायला कुणी नव्हते.

मी तरुणपणी किनाऱ्यावरच्या एका शाळेत मास्तर होतो. एका सुटीत ओळखीच्या तांडेलाबरोबर होडीतून गेलो होतो. सकाळी निघतानाच पाहिले, इंजिनामागे पेटीतून थेंब पडत होते. मी म्हटले, “तांडेल, हे गळतंय की!” ते हसले. म्हणाले, “मास्तर, गळूं द्या. थेंब पडतोय तवर ती पाणी पितेय. थेंब बंद झाला की मला सांगा.” दुपारी ते जाळ्याच्या कामात असताना होडीवरच्या एका पोराला बुद्धी सुचली. तळातले पाणी उपसायचा त्याला कंटाळा आला होता. त्याने पाना घेतला आणि दोन्ही नट अंगातल्या सगळ्या जोराने पिळले. थेंब थांबले. कुणाला काही कळले नाही.

परतताना अंधार पडला आणि मागून जळक्या दोरीचा वास आला. तांडेलांनी हात लावला आणि झटकन मागे घेतला. पेटी तव्यासारखी तापली होती. आतली दोरी करपून चुरा झाली होती, आणि बघता बघता दांड्याभोवतून पाण्याची धार लागली. सगळ्यात आधी त्यांनी इंजिन बंद केले. पोराला एक शब्दही बोलले नाहीत; त्याच्या हातात उपसायचा डबा दिला. नट मागे घेतले, चकती सरकवली, जाळे विणायच्या सुताचे पदर पिळून ग्रीसमध्ये माखले आणि चाकूच्या टोकाने पेटीत कोंबले. चकती पुढे आणून बोटांनी नट बसवले, मग पान्याने अगदी थोडे फिरवले. धारेचे थेंब झाले. इंजिन मंद ठेवून, दर थोड्या वेळाने पेटीला हात लावून पाहत, मध्यरात्रीनंतर आम्ही खाडीत शिरलो. तळात घोटाभर पाणी होते. त्या पोराचे हात रात्रभर थरथरत होते, आणि खरे सांगायचे तर माझेही.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला होडी वाळूवर टेकवून त्यांनी जे केले ते मी शेजारी बसून पाहिले. तेच तुम्हांला सांगतो, कारण पंपालाही ते जसेच्या तसे लागू पडते. तांडेलांनी आधी वाकड्या आकड्याने जुनी दोरी काढली, आणि ती सगळी, अगदी तळाच्या कडीपर्यंत काढली. बरेच लोक वरच्या दोन कड्या काढून नवी दोरी घालतात. खालची दगड झालेली कडी तशीच राहते आणि दांड्याला खाते. मग दांड्यावर बोट फिरवून खाच पडली आहे का ते पाहिले. खाच असेल तर नवी दोरीही टिकत नाही. मग दोरीची जाडी ठरवली. पेटीचा आतला व्यास घ्यायचा, त्यातून दांड्याचा व्यास वजा करायचा आणि निम्मे करायचे. पेटी दोन इंच आणि दांडा दीड इंच, तर दोरी पाव इंच. दोरी मळसूत्रासारखी सलग गुंडाळायची नाही, नाहीतर पाण्याला आत यायला जिनाच मिळतो. तेवढ्याच जाडीच्या दांडक्यावर गुंडाळून तिच्या सुट्या कड्या कापायच्या, टोके तिरपी. कड्या एकेक करून बसवायच्या आणि प्रत्येकीचा सांधा आधीच्या सांध्यापासून दूर ठेवायचा. तीन-चार कड्या बसल्या की चकती, आणि नट हातानेच.

पाण्यात उतरल्यावर, इंजिन चालू करून, त्यांनी नट आवळायला घेतले. दोन्ही नट सारखे, एका वेळी अर्ध्या पाव फेऱ्याहून जास्त नाही. मग थांबायचे, पेटीला हात लावायचा, पुन्हा थोडे. कोमट लागली तर ठीक. हात ठेववत नसेल तर लगेच सैल. मिनिटाला दोन-चार थेंब राहिले तेव्हा त्यांनी वरचे दुसरे नट घट्ट केले, म्हणजे पहिले हलू नयेत. मी विचारले, “आता हे थेंब रोज आत येणारच ना?” ते म्हणाले, “येऊ देत की. दिवसाला तांब्याभर पण नाय.” मी घरी जाऊन हिशेब केला. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर मिनिटाला दहा थेंब पडले तरी दहा तासांत तीनशे मिलिलिटर. तांडेलांचे गणित बरोबर होते.

पण काम तिथेच संपले नव्हते. त्यांनी पाण्याबाहेर असतानाच पंखा दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवून पाहिला होता. दांडा नळीत खटखट वाजला. “बेअरिंग गेलंय,” ते म्हणाले, “आणि इंजिनाची पण ओळ चुकलीय. ती नीट केल्याबगर दोरी महिनाबी राह्यची नाय.” इंजिनाचा दांडा आणि पंख्याचा दांडा जिथे चकत्यांनी जोडतात, तिथले बोल्ट सोडून त्यांनी दोन चकत्यांमधली फट वर, खाली, डावीउजवीकडे पाहिली. वर पत्र्याची पातळ पट्टी सहज जाई, खाली शिरतच नव्हती. इंजिनाखालचे लाकूड बसले होते. त्यांनी पोराला जवळ बोलावून ती फट दाखवली, आणि पट्टी त्याच्याच हातात दिली. जॉन पेनचे नावही त्यांनी ऐकले नसेल. पण पेटीत पाणी दिसले तर बेअरिंग तपासावे, हे ज्या बुद्धीने ग्रिनिचला कळले, त्याच बुद्धीने ते त्या वाळूवर कळले होते.

नंतरच्या काळाचे थोडक्यात सांगतो. 1920 नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियात खाणीवर काम करणाऱ्या चार्ल्स शेरवुडने, पंपाचे बेअरिंग गेले आणि दुसरे मिळेना म्हणून, रबरी नळीचा तुकडा घालून पाहिला. तो धातूपेक्षा जास्त टिकला. वाळूचा कण रबरावर आला की रबर दबते, कण पन्हळीतून पाण्याबरोबर निघून जातो. आजच्या लहान बोटींत अशी रबरी बेअरिंगे पुष्कळ दिसतात. दोरीऐवजी कोळशाच्या गुळगुळीत कडीवर पोलादी कडी दाबून बसवलेली सीलेही आली. ती थेंबही पाडत नाहीत. पण ती रबरी भात्यावर आणि दोन-चार पट्ट्यांवर अवलंबून असतात. पट्टी गंजून तुटली की थेंब नाही, एकदम धार. दोरीची पेटी बिघडण्याआधी दिवसेंदिवस कुरकुरते, म्हणून मला अजूनही तीच बरी वाटते. माझा हा पक्षपात समजा.

आणि मोठ्या जहाजांचे म्हणाल, तर 10 डिसेंबर 1941 रोजी मलायाच्या किनाऱ्याजवळ काय झाले ते पाहा. ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ हे इंग्रजांचे अगदी नवे, पोलादी चिलखताचे लढाऊ जहाज. जपानी विमानाचा एक टॉर्पेडो त्याच्या डाव्या बाजूच्या बाहेरच्या पंख्यापाशी बसला. दांडा वाकला, आणि वाकलेला दांडा फिरत राहिला. ज्या ज्या भिंतीतून तो जात होता तिथल्या पेट्या त्याने फाडून काढल्या. कोठडीमागून कोठडी पाण्याने भरत गेली. पुढे आणखी टॉर्पेडो बसले, पण जहाजाची वीज, पंप आणि सुकाणू त्या पहिल्याच घावाने गेले होते. दीड-पावणेदोन तासांत ते तळाशी गेले. त्या दिवशी त्या जहाजावरची 327 माणसे गेली.

तर उद्या सकाळी पंपाजवळ जाल तेव्हा आधी दांडा हाताने थोडा हलवून पाहा. इंजिन बंद असताना, हे सांगायला नकोच. खटखट वाजत नसेल तर पेटीला हात लावा, थेंब मोजा. पाना मात्र तोपर्यंत पेटाऱ्यातच असू द्या.